तुमच्या शेजारची जागा

आत्याबाई, तुमी जिथं बसला हाव तिथून उठायची येळ आली म्हणतेत. मी न्हाई म्हणत. मी तर जन्मभर तुमाला बसा बसा म्हणले आन तुमी कवा बसला न्हाईत. गेल्यावर जंगम अय्यांनी तुमाला मांडी घालून बसवलं, तळहातावर लिंग दिलं, बेलाची पानं, मीठ, विभूती घालून वरून माती लोटली. आपल्यात जाळत न्हाईत, बसवतेत. तवापासून तुमी बांधाकडच्या तुकड्यात बसून हाव. मधी एक जागा सोडून पलीकडं तुमचा लेक बसलाय, त्याला बी लई वर्सं झाली. आन आता तिथं तळं व्हणार. सगळं शिवार बुडीतात धरलंय, गाव बी धरलंय. नवं गावठाण तिकडं उदगीरच्या रस्त्याला, माळावर. हे तुमच्या लेकाला लिहिलं असतं, पण त्यानं जिवंतपणी एसटीची पाटी सोडून दुसरं काही वाचलं न्हाई. तुमाला तर पाटी बी वाचता येत न्हवती. म्हून तुमालाच लिहिते. वाचणाऱ्याला लिहायचं म्हणलं की माझा हात आखडतो, चौथीतल्या मास्तरची छडी आठवती.

मोजणीवाले आले त्या दिवशीचं पहिलं सांगते. दोन पोरं व्हती, एकाच्या हातात मशीन, एकाच्या हातात कागद. हीर किती खोल, आंबे किती, लिंब किती, गोठा पक्का का कच्चा, सगळं इचारून लिहून राहिले. बांधाकडं आले आन कागदवाला म्हणला, "आज्जी, हे दोन वटे कशाचे?" मी म्हणले, "आमची माणसं हायत. लिहून घ्या, एक सासू, एक नवरा, दोन्ही बसलेली." त्यो हसला. म्हणला, "आज्जी, यात झाडं, हीर, घर एवढंच बसतंय. माणसं बसत न्हाईत." मी म्हणले, "आंबा लिहिता की. आंबा पाच-सात वर्सं पाणी घातलं की आंबा व्हतो. सासू व्हायला बाईचा उभा जन्म जातो, ती कशी लिहीत न्हाईत?" मशीनवालं पोरगं एवढं हसलं की त्याची काठी हालली आन त्यायला मोजणी परत करावी लागली. माझा ल्योक पलीकडं उभा व्हता, त्यो न्हाई हसला. मी हसले. घरी येऊन भाकरीला बसले तर पीठ सैल झालं, भाकरी थापाच येईना. पाणी मीच जास्त घातलं व्हतं. कुठलं पाणी ते इचारू नका.

तुमाला वाटंल, ही भवानी अजून तशीच हाय. तशीच हाय. मी लग्न करून आले तवा उमरीकडलं माझं बोलणं तुमाला लई सपक वाटायचं, आन तुमी सीमेपल्याडच्या, राग आला की कानडीत शिरायचा. दारात कोण बी येऊ द्या, तलाठी, बांगडीवाला, नाही तर पावणं, तुमी चुलीपुढून मान न वळवता म्हणायचा, "कुंद्र." बस म्हणजे. बसायला सांगायचा आन स्वता उभ्या. तुमचं ते कमरेवर हात देऊन, एक पाय वढत चालणं मला लई आवडायचं, मंजी नक्कल करायला. एकदा तुमी हिरीवर गेल्या म्हून मी सैपाकघरात शेजारच्या बायांला तुमची चाल करून दाखवून राहिले व्हते. कमरेवर हात, पाय वढला, वरून कानडीत दोन शिव्या. बाया हसता हसता एकदम गप झाल्या. मी वळून बघते तर तुमी दारात, डोक्यावर घागर. मला वाटलं आता घागरच डोक्यात बसती. तुमी घागर उतरवली, पदर सारखा केला आन म्हणला, "चालून दाखवलीस. आता बसून दाखव." आन मला जात्यावर बसवलं. ज्वारी संपता संपंना. दुपारी तुमी येऊन समोर बसल्या, खुंट्याला दुसऱ्या बाजूनं हात लावला आन म्हणला, "माझा पाय लहानपणी बैलानं मोडला. नक्कल करताना डावा वढ, उजवा वढत व्हतीस." मला त्या दिवसापासून तुमचं भ्या वाटायचं बंद झालं. तुमाला हे कवा सांगितलं न्हाई.

आता तुमच्या पणतीचं सांगते. माझ्या लेकीची लेक, मुदखेडची. रोज रेल्वेनं नांदेडला जाती, इतिहास शिकती, मोठ्या वर्गात हाय. दिवाळीला आली व्हती. आमी दोघी चुलीपुढं शेंगा फोडत बसलो व्हतो, मी तळ्याचं सांगून राहिले व्हते, गावात सभा व्हणार हाय, साहेब येणार हायत, गावाची संमती घेणार हायत. पोरगी म्हणली, "आज्जी, असंच एका लोकांचं झालं होतं. लई मागं, अमेरिकेत. चॉक्टॉ म्हणतात त्यांना." मी म्हणले, "मंजी इंग्रज का?" ती म्हणली, "न्हाई ग. गोरे जायच्या आधीपासूनची तिथली माणसं. मका पेरायची, गावं करून राहायची. सरकारला त्यांची जमीन पाहिजे होती. सरकारनं करार करायला बोलावलं. एका वढ्याकाठी सगळे जमले. त्या वढ्याचं नाव नाचणाऱ्या सशाचा वढा."

नाव ऐकून मी हसले. म्हणले, "नाचणाऱ्या सशाच्या वढ्याला जिमीन द्यायची? आमच्याकडं तहसीलीत तरी देतेत." पोरगी म्हणली, "ऐक तर. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाया मधोमध बसल्या होत्या. गडीमाणसं भवताली. एकानं जमीन देऊन टाका म्हणून भाषण केलं, तर त्या म्हाताऱ्यांतली एक सुरी घेऊन उठली म्हणतात. म्हणली, तुला चिरून बघते, तुझ्या पोटात दोन काळजं हायत." आत्याबाई, मला तुमीच दिसल्या. कमरेवर हात, पाय वढत, हातात भाजीची इळती. मी म्हणले, "मंग? मंग काय झालं?" "मंग सगळे न्हाई म्हणले. लई लोक न्हाई म्हणले. आणि न्हाई म्हणलं म्हणजे झालं, असं वाटून बरेच जण घरी निघून गेले. मागं थोडे राहिले. त्या थोड्यांनी सह्या केल्या."

मी म्हणले, "उठून गेले? असे कसे उठून गेले ग? येडी माणसं." आन एवढी हसले की शेंगाचं टरफल चुलीत उडालं. पोरगी न्हाई हसली. तिनं पुढचं सांगितलं. करारात लिहिलं व्हतं, ज्याला जायचं न्हाई, त्यानं साहेबाकडं नाव सांगायचं, त्याला तिथंच जागा मिळंल. लोकं नाव सांगायला गेली तर साहेब लिहूनच घेईना. बाकीच्याला थंडीपावसात लांब हाकललं, वाटंत लई मेले. आन एक जुनी गोष्ट सांगितली त्या लोकांची. पहिल्यांदा ते त्या मुलखात आले तवा आपल्या मेलेल्या माणसांची हाडं पाठीवर घेऊन आले म्हणं. हाडं एवढी की एका खेपंत नेता येईनात. मंग अर्ध्या दिसाच्या वाटंवर नेऊन ठेवायची, माघारी यायचं, उरलेली न्यायची. मंजी एक वाट तीनदा चालायची. मी शेंगा फोडायची थांबले. मी म्हणले, "आन जाताना? सरकारनं हाकललं तवा? तवा हाडं नेली का?" ती म्हणली, "आज्जी, ते मला माहीत न्हाई. पण सगळी कशी नेता येतील?"

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेच. तुमची शेवटची येळवस आठवली. येळा अमावस्येला आपण शेतात कडब्याची खोप करतो, भज्जी, आंबील, उंडे घेऊन सगळं घर शेतात जातं. तुमाला चालता येत न्हवतं, तरी बैलगाडीत बसून आल्या. जेवणं झाल्यावर सगळे खोपीच्या सावलीला लवंडले आन तुमी मला हाक मारली, "ये ग." बांधाकडं नेलं. हातातल्या काठीनं मातीत तीन रेघा वढल्या. म्हणला, "मी हिथं. त्यो तिथं. तू मधी." मी म्हणले, "आत्याबाई, जिवंतपणी तुमच्या मायलेकाच्या मधी भरडून निघाले, आता मेल्यावर बी मधीच का?" तुमी म्हणला, "मंग कुठं जातीस? तुझा बाप हितं जागा ठेवणार हाय का?" मी म्हणले, "कुठं बी बसन, पण तुमच्या शेजारी न्हाई. तुमी घोरता." तुमी काठीनं माझ्या पायावर मारलं, हळूच. त्या सालात तुमी गेल्या. तुमी मला साडी दिली न्हाई, दागिना दिला न्हाई, भांडं सुदीक तुमच्या लेकीला दिलं. मला एवढीच जागा दिली. मी तवा ते देणं म्हणून घेतलं बी न्हाई.

तर सभा झाली. मारुतीच्या पारावर. आदल्या दिवशी मी घरोघर फिरले. म्हाताऱ्या बायांला म्हणले, "उद्या आपण मधोमध बसायचं. गड्यायला भवताली उभं करायचं." एक म्हणली, "कामून?" मी म्हणले, "अमेरिकेत तसं करतेत." ती म्हणली, "अमेरिकेत करतेत तर करू की." आमी सकाळपासून सतरंजी टाकून मधी बसलो. सरपंच म्हणला, "काकू, जरा बाजूला सरा, साहेबाची खुर्ची ठेवायचीय." मी म्हणले, "ठेव की माझ्या डोक्यावर." साहेब दुपारी आले. जवान माणूस, तोंड गोड, सगळ्याला मावशी मावशी. त्यांनी नकाशा लावला, नवं गावठाण दाखवलं, शाळा, नळ, डांबरी सडक. मंग इचारलं, बोला. आन आत्याबाई, लोकं बोलली. एकेक जण उठून न्हाई म्हणला. आमच्यातल्या एका म्हातारीनं, जिनं जन्मात नवऱ्यापुढं तोंड उघडलं न्हाई, तिनं साहेबाला सांगितलं की माझी दोन लेकरं ह्या मातीत हायत, मी हालत न्हाई. मी सुरी न्हेली न्हवती, पण पदराखाली इळती व्हती, उगं आपली. काढायची गरज पडली न्हाई. साहेबांनी सगळं ऐकलं, मान हालवली, म्हणले, "ठीक आहे, तुमचं म्हणणं कळलं." नकाशाची गुंडाळी केली आन चहा सांगितला.

आमाला वाटलं, झालं. हिवाळ्याचा दिस, उन्हं झाडावर गेली व्हती. म्हशी वरडून राहिल्या व्हत्या, धारा काढायच्या व्हत्या. बायांला कळ लागली व्हती, बसून बसून ढोपरं धरली व्हती. मीच म्हणले, "चला ग, उठा. झालं आपलं." मी पयली उठले, आत्याबाई. माझ्या मागं बाया उठल्या, बायांच्या मागं त्यांचे गडी उठले. पार मोकळा झाला. मागं ज्यायला द्यायचं व्हतं तेवढेच राहिले, आन साहेब, आन चहा. गावाची संमती हाय म्हणून ठराव झाला. सकाळी पंचायतीच्या फळ्यावर कागद लावलेला बघितला तवा कळलं. मला कुणी वाचून दाखवायला लागलं न्हाई, मीच वाचला. पोरीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "आज्जी, मी तुला सांगितलं होतं ना ग." मी म्हणले, "सांगितलं व्हतंस. मला वाटलं ती माणसं येडी व्हती."

आन मागं राहिलेल्यात माझा ल्योक व्हता. तुमचा नातू. चहा पिऊन, हात वर करून आला. मी धार काढून राहिले व्हते तवा त्यो दावणीला येऊन नुसता उभा राहिला, मी म्हणले थकला आसंल. दुसऱ्या दिशी मी त्याला धरलं. म्हणले, "तुझ्या पोटात दोन काळजं हायत का रे?" त्याला काय कळणार. त्यो म्हणला, "आई, ह्या शिवारात काय राहिलंय? पोरायला शाळंला पाच कोस धाडायचं किती दिस? बायको आजारी पडली तवा खाटंवर घालून सडकंपोत न्हेली, इसरलीस का?" मी म्हणले, "न्हाई इसरले. आन तुझी आज्जी? तुझा बाप?" त्यो खाली बसला. लई हळू बोलला. म्हणला, "आई, तुझी माणसं खाली हायत. माझी माणसं वर हायत." आत्याबाई, मी आख्खा जन्म लोकायला उत्तरं देण्यात घालवला. तुमी तर म्हणायचा हिच्या तोंडाला कुलूप करणारा लोहार जन्माला यायचाय. त्या दिशी मी उठले आन म्हशीला वैरण टाकली. त्याचं बी खरं हाय. त्याचं खरं हाय म्हून तर जीव जाऊन राहिलाय. त्यो वाईट असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

आता घरोघर सह्या घेऊन राहिलेत. सातबाऱ्यावर माझं नाव हाय, माझ्या सहीबिगर लेकाला पुढं जाता येत न्हाई. मी सही केली न्हाई तर जिमीन राहती असं न्हाई, ते मी इचारून घेतलं. पाणी काय सही बघून थांबत न्हाई. लेकाचा प्लॉट तेवढा लटकतो. तरी मी साहेबाला भेटले. म्हणले, "साहेब, कागदात एक लिहा. ज्याला राहायचं त्याचं नाव लिहून घ्या. माझं लिहा, ह्या दोघांचं लिहा." साहेब म्हणले, "मावशी, पाण्यात कसं राहणार?" मी म्हणले, "मासोळ्या राहतेत की." ते हसले, मंग हसायचे थांबले. माझ्याकडं बघून राहिले. म्हणले, "मावशी, खड्डा उकरून दुसरीकडं न्यायची सोय करता येते. तुमचे लोक हो म्हणले तर गाडी देतो, माणसं देतो." आता तुमीच सांगा, त्यांच्यावर तरी कसं चिडावं?

अय्यांकडं गेले. तुमाला बसवलं त्यांचा पोरगा, आता त्योच अय्या. मी सांगितलं, उकरून न्यायचं म्हणतेत. त्यांनी कानाला हात लावला. म्हणले, "आव्वा, बसवलेल्या माणसाला हात लावत न्हाईत. ती लिंगात मिळाली. तिथं आता कोणी बसलेलं न्हाई." मी म्हणले, "कोणी न्हाई तर मंग मी रोज कुणाशी बोलते?" ते म्हणले, "ते तुमचं तुमी बोलता." मंग मला वाईट वाटलं ते बघून म्हणले, "एक करा. दोघांच्या वट्यावरची मूठ मूठ माती घ्या, नव्या गावठाणातल्या मसणवट्यात ठेवू, मी मंत्र म्हणतो." ल्योक लगीच खूश झाला. सुटला बिचारा. म्हणला, "बघ आई, झालं की." मी म्हणले, "मूठभर मातीत तुझी आज्जी कशी मावंल रे? तिचं नुसतं नाक मावायचं न्हाई." त्यो हसला, सून हसली, नातवंडं हसली. सगळे हसले की मी पाणी आणायला म्हणून हिरीवर गेले आन तिथं काठावर बसून राहिले. त्या चॉक्टॉ लोकायला एका खेपंत नेता आली न्हाईत, पण हाडं उचलायची मोकळीक तरी व्हती. एक वाट तीनदा चालले असते मी. गुडघे गेलेत, तरी चालले असते. तुमाला अर्ध्या वाटंवर ठेवलं असतं, माघारी येऊन तुमच्या लेकाला न्हेलं असतं. तुमी वाटंत लई बोलल्या असता. पण आपल्यात उचलायलाच बंदी.

काल दुपारी शेतात गेले. कुणाला सांगितलं न्हाई. खुरपं घेतलं व्हतं. काय करायचं ते ठरवलं न्हवतं. हरभरा घाट्यायला आलाय, काळी माती तडकून राहिली. तुमच्या आन तुमच्या लेकाच्या मधी एक भेग पडली, माझ्या जागंवर, हात गेला तर कोपरापोत आत गेला. आत थंड हाय. मी खुरपं बाजूला ठेवलं, आडवी झाले आन भेगंला तोंड लावून तुमाला हाका मारल्या. आत्याबाई, हो आत्याबाई. मला ठाऊक हाय तुमाला ऐकू कमी यायचं म्हून जोरात मारल्या. शेजारच्या रानातली सून डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली व्हती, ती थांबली. म्हणली, "काय हरवलं ओ काकू?" मी मान वर न करता म्हणले, "सासू." ती म्हणली, "मंग राहू द्या की हरवलेली. माझी बी न्हेऊन टाका तिथं." मी उठून बसले. तिनं माझं तोंड बघितलं. भारा खाली टाकला आन माझ्या शेजारी बसली. तिच्या घरचं कुणी शिवारात बसलंय का, मी इचारलं. ती म्हणली, "सासरा हाय, तिकडं लिंबाखाली. आमच्यात बी सांगितलंय, मूठभर माती." मंग आमी दोघी तशाच बसलो. मी मांडी घालून बघितली, तुमाला बसवलं तशी. जमली न्हाई, उजवा गुडघा वाकतच न्हाई. तिनं हात धरून उठवलं.

ल्योक काल सांजच्याला माझ्याजवळ येऊन बसला. सहीचं काढलं न्हाई. म्हणला, "नव्या घरात तुझ्या खोलीचं दार उगवतीला ठेवतो. हितल्यासारखं." मी म्हणले, "ठेव." उद्या सही करते, आत्याबाई. अंगठा न्हाई, सही. तुमी मला हसायचा, हिला स्वताचं नाव लिहिता येतं म्हणून लई टेचात राहती म्हणून. उद्या त्याच नावानं तुमाला पाण्यात सोडते.

आन एक राहिलं. मी गावात सगळ्याला सांगून राहिले की सासूला सोडून जाववत न्हाई. बाया डोळे पुसतेत, म्हणतेत, अशी सून कुणाला मिळावी. खोटं हाय ते. तुमाला काय व्हणार हाय? तुमी खमक्या, तुमी पाण्याखाली बी मासोळ्यायला बसा म्हणाल. तुमच्या लेकाला तुमी हाव. भ्या मला वाटून राहिलं, माझं. नव्या मसणवट्यात रांगनं बसवणार हायत, ज्याचा नंबर लागंल तशी जागा. माझ्या एका अंगाला कोण, दुसऱ्या अंगाला कोण, मला ठाऊक न्हाई. अनोळखी माणसात मला जिवंतपणी झोप येत न्हाई. मला तुमच्याच शेजारी बसायचं व्हतं. तवा न्हाई म्हणले, पायावर काठी खाल्ली, पण त्याच रात्री तुमच्या लेकाला सांगितलं व्हतं की माझी जागा कुणाला देऊ नका. तुमच्या तोंडावर बोलले न्हाई, बोलले असते तर तुमी माझ्या डोक्यावर बसल्या असता. म्हून हे आता बी तुमाला वाचून दाखवायला मी येणार न्हाई.